मदत हवी आहे: शहामृग खरंच खानदेशात होतं का?

पाटणे (चाळीसगाव) इथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, एकावर तर कोरीव नक्षी आहे. पण अशा कवचांपासून घडवलेले मणी लांबून आणलेले असू शकतात. त्यावरून पक्ष्याचा वावर ठरवणं घाईचं. न घडवलेले तुकडे जास्त बोलके.

कवचाचं मूळ ठिकाण शोधायला स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर, ⁸⁷Sr/⁸⁶Sr, उपयोगी, कारण ते खडकातून खाण्यावाटे कवचात उतरतं: दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते जुन्या ग्रॅनाइटपेक्षा कमी असतं. अडचण अशी की पुरलेलं कवच मातीतलं स्ट्रॉन्शियम शोषतं, वर कॅल्साइटचं पुटही चढतं. जेमतेम २ मिमी जाडीत किती खरवडणार?

बाहेरचा थर घासून मग सौम्य ॲसेटिक आम्लात धुणं पुरतं का? आम्लाचं प्रमाण नि वेळ किती? स्थानिक गुणोत्तर कळावं म्हणून तुलनेला त्याच थरातले उंदरांचे दात घ्यावेत की गोगलगायीचे शंख? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.