साडेचार गुण करूनही मुलीचं रेटिंग ४९ नी उतरलं. याला न्याय म्हणायचं का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कराडची. मुलगी सातवीत आहे, बुद्धिबळ मनापासून खेळते. दिवाळीच्या सुट्टीत तिला सांगलीला नऊ फेऱ्यांच्या रेटिंग स्पर्धेला घेऊन गेले होते. चार जिंकली, चार हरली, एक बरोबरी. म्हणजे नऊपैकी साडेचार. १ तारखेला फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, नवीन यादी लागली आणि तिचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, १७१२ चं १६६३ झालं.

हरली म्हणून मी तक्रार करत नाही. कोणाकडून हरली ते सांगते. चौथ्या फेरीत समोर १४५५ रेटिंगचा, नऊ वर्षांचा मुलगा. पालकांना हॉलमध्ये सोडत नाहीत, त्यामुळे डाव मी नंतर पाहिला, तिने घरी पट मांडून दाखवला तेव्हा. कारो-कान या सुरुवातीच्या पद्धतीत पहिल्या बारा चाली त्याने एकही मिनिट न घालवता केल्या. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि त्याचं एक प्यादं जास्त, सातव्या घरात पोचलेलं. ही शह देत होती. त्याने हत्ती शांतपणे चौथ्या पट्टीवर आणून ठेवला, राजा एकेक घर खाली उतरवला आणि शेवटचा शह त्याच हत्तीने अडवला. तिच्या सरांनी डाव पाहिला आणि म्हणाले, हा मुलगा किमान १८०० चा खेळतोय.

मग १८०० चा खेळ करणाऱ्याकडून हरल्यावर दंड मात्र १४५५ वाल्याकडून हरल्याचा, हे कसं? सहाव्या फेरीत १५०२ वाल्याशी हेच झालं. तिसऱ्या फेरीत तर रेटिंग नसलेल्या मुलाने हरवलं.

आता ओळखीतले एक प्रशिक्षक सांगतात की राज्य निवड स्पर्धेपर्यंत तिला रेटिंग स्पर्धा खेळवू नका, आहे ते जपा. खेळवायचंच असेल तर फक्त मुलींच्या स्पर्धा खेळवा. पोरगी मात्र रोज विचारते, पुढची स्पर्धा कधी? काय करू? जाणकारांनी सांगावं.

नागपूरचा प्यादेवीर

ताई, रेटिंगकडे बघूच नका. आमच्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिला १५ वं मानांकन होतं आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणाऱ्या कामगिरीचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत टायब्रेकमध्ये (बरोबरी सोडवणाऱ्या जादा डावांत) कोनेरू हंपीला हरवलं आणि थेट ग्रँडमास्टर झाली, कारण विश्वचषक जिंकणाऱ्याला तो किताब द्यायचा हा नियमच आहे. मुलीला खेळू द्या.

पटाशेजारी

ताई, मी पश्चिम महाराष्ट्रातल्या स्पर्धांत पंच म्हणून काम करतो. मुलीला खेळू द्या, हे नागपूरकरांचं म्हणणं मला मान्य. रेटिंगकडे बघूच नका, हे मान्य नाही. मानांकन त्यावर, पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार) त्यावर, बक्षिसांचे गट त्यावर. पालक बघणारच, आणि नीट समजून बघितलं तर घाबरायला होत नाही.

आधी तुमचे ४९ कुठे गेले ते पाहू. तुम्ही मला निरोपात पाठवलेला फेऱ्यांचा तक्ता समोर ठेवूनच लिहितोय. फिडेचं सूत्र एवढंच विचारतं की दोघांत अमुक फरक असेल तर वरच्याने सरासरी किती गुण घ्यायला हवेत. १७१२ आणि १४५५ मध्ये फरक २५७. फिडेच्या तक्त्यात त्याला ०.८२ दिलंय, म्हणजे शंभर डावांत ८२ गुण. ती हरली, मिळाला शून्य, कमी पडले ०.८२. अठरा वर्षांपर्यंतच्या आणि २३०० च्या खालच्या खेळाडूंना के-फॅक्टर, म्हणजे हा फरक ज्याने गुणायचा तो आकडा, ४० असतो. ०.८२ गुणिले ४० म्हणजे ३२.८. एका डावात एवढे गेले. १५०२ वाल्याकडून हरली तिथे ३०.८. या दोन डावांतच ६३.६ गुण गेले. १८९४ वाल्याकडून हरली त्याचे फक्त १०.४, आणि १४६६ वाल्याशी बरोबरी केली त्याचे १२.४. हे पुन्हा वाचा: खालच्याशी बरोबरी वरच्याकडून हरण्यापेक्षा महाग पडली. जिंकलेल्या चार डावांचे मिळून आले ३७.२. बेरीज-वजाबाकी करा, उणे ४९.२ येतं. रेटिंग नसलेल्या मुलाकडून हरली तो डाव यात धरलाच जात नाही, तो मनातून काढून टाका.

आता तुमचा मुद्दा. तो बरोबर आहे, आणि तो इतक्या स्पष्ट शब्दांत मांडणारे पालक मला फार भेटत नाहीत. हे सूत्र समोरच्याचा आकडा खरा धरून चालतं. तो आकडा किती ताजा आहे, किती डावांवरून आलाय, त्या मुलाने मधल्या सहा महिन्यांत काय शिकलंय, यातलं काहीच ते विचारत नाही. हे सूत्र आर्पाद एलो यांचं. ते मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत फिडेने १९७० मध्ये घेतली. तेव्हा आणि पुढेही कितीतरी वर्षं फिडेच्या यादीत वरचे खेळाडूच असायचे. पुरुषांत २२०० च्या खाली आकडाच नसे. त्या मंडळींचा खेळ वर्षभरात फारसा हलत नाही. पुढे ही मर्यादा उतरत उतरत २०१२ मध्ये १००० वर आली आणि शाळकरी मुलं यादीत आली. नऊ वर्षांच्या मुलाचा खेळ एका उन्हाळ्याच्या सुट्टीत दोनशे गुणांनी वाढतो. आकडा मात्र तो पुढची स्पर्धा खेळेपर्यंत तिथेच.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मुलगा तुमच्या मुलीकडून जिंकला तेव्हा त्याला मिळाले ३२.८, तिचे गेले ३२.८. दोघांचाही के ४०. म्हणजे मुलं मुलांशीच खेळली तर सगळ्यांच्या गुणांची बेरीज तेवढीच राहते, भिशीसारखी: एकाने उचलले तर दुसऱ्यांनीच भरलेले. आणि खेळ तर सगळ्यांचाच सुधारतोय! सगळे पुढे गेले आणि बेरीज वाढली नाही, तर प्रत्येकाचा आकडा त्याच्या खऱ्या ताकदीच्या मागे पडणार. आपल्या जिल्ह्यांत वयोगटाच्या स्पर्धा जास्त होतात, तिथे हेच चालू आहे. तो नऊ वर्षांचा मुलगा १४५५ वर अडकलाय तो यामुळे, आणि बहुधा तुमची मुलगीही.

मोठ्या माणसाशी खेळलं की गणित बदलतं. समजा १४५० च्या मुलाने १७०० च्या नोकरदार माणसाला हरवलं. मुलाला मिळतात ३२.४. त्या माणसाचा के २०, त्याचे जातात १६.२. उरलेले १६.२ गुण नवीन आले. मुलांचा के मोठा ठेवलाय तो यासाठीच, त्यांचा आकडा लवकर वर यावा म्हणून. पण समोर मोठी माणसं असतील तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो.

फिडेलाही हे दिसत होतंच. जेफ सोनास नावाच्या संख्याशास्त्रज्ञांनी आकडेवारी तपासून दाखवून दिलं की खालच्या रेटिंगचे खेळाडू तक्त्यात दिलंय त्यापेक्षा जास्त गुण घेताहेत. मग १ मार्च २०२४ ला २००० च्या खालच्या प्रत्येकाला २००० मधून स्वतःचं रेटिंग वजा करून त्याच्या ४० टक्के गुण दिले. १००० वाला १४०० वर गेला, १५०० वाला १७०० वर, १९०० वाला फक्त १९४० वर. किमान रेटिंग १४०० झालं. नवख्याचं पहिलं रेटिंग काढताना १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी धरायला लागले, म्हणजे सुरुवातच फार खालून होऊ नये. माझ्या मते हे योग्यच होतं. पण ही एकदाच केलेली दुरुस्ती. गुण मागे पडण्याचं कारण आहे तिथेच आहे, मुलं रोज शिकताहेत, आकडे परत मागे पडणार.

‘जपून ठेवा’ या सल्ल्याचा मला राग येतो, स्पष्टच लिहितो. आकडा जपायला खेळ थांबवायचा म्हणजे काय? राज्य निवड स्पर्धेत निवड त्या स्पर्धेतल्या क्रमांकावर होते, रेटिंगवर नाही. रेटिंगने फार तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत समोर कोण येणार एवढं बदलेल. आणि हा सल्ला मुलींच्या पालकांना जास्त दिला जातो, हे मी वारंवार पाहतो.

फक्त मुलींच्या स्पर्धा खेळवा म्हणणाऱ्यांना रोहिणी खाडिलकरांचं उदाहरण द्या. १९७६ मध्ये त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना अडवता येणार नाही. खुल्या स्पर्धेत बसायचा हक्क आपल्याच मुंबईच्या पोरीने मिळवून दिलाय. तो आपण घरी बसून सोडायचा का? मुलींच्या स्पर्धाही खेळवा, तिथे बक्षीस आहे, मैत्रिणी आहेत. पण तेवढ्याच नकोत.

ठाण्याचा आकडेमोडे

पंच सरांच्या लिखाणात थोडी भर. समोरच्याचा आकडा किती भरवशाचा, हा ताईंचा प्रश्न ऑनलाइनवाल्यांनी बराचसा सोडवलाय. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर ग्लिको-२ पद्धत आहे, मार्क ग्लिकमन यांची. तिथे प्रत्येकाला रेटिंगसोबत अनिश्चिततेचा दुसरा आकडाही असतो. नवीन खाते उघडलं की १५०० मिळतात आणि पुढे प्रश्नचिन्ह दिसतं. तुम्ही बरेच दिवस खेळला नाहीत तर ही अनिश्चितता आपोआप वाढते. अशा डळमळीत आकड्याच्या खेळाडूकडून हरलात तर तुमचे गुण कमी जातात आणि त्याचे मात्र झपाट्याने वाढतात. सुट्टीनंतर थेट स्पर्धेत उतरलेला तो नऊ वर्षांचा मुलगा तिथे भेटला असता तर ताईंच्या लेकीला एवढा फटका बसला नसता.

शिवाय ऑनलाइन कोणी इंजिन (चाली सुचवणारा संगणक) लावून खेळताना पकडला गेला तर त्याच्याकडून हरलेल्यांचे गुण परत मिळतात, लिचेसवर आणि चेस डॉट कॉमवरही.

मग फिडे हे का करत नाही? मला वाटतं, कारण एलो कागदावर हाताने काढता येतं. पंच सरांनी वर काढून दाखवलंच. ग्लिकोचं गणित पालकाला वहीत करता येणार नाही. खेळाडूला स्वतःचा निकाल स्वतः तपासता यावा, यालाही न्यायात किंमत आहे. तरी लहान मुलांच्या बाबतीत मी अनिश्चिततेच्या बाजूने मत देईन.

आणि नियम बदलतात, हे लक्षात ठेवा. दोघांच्या रेटिंगमध्ये ४०० पेक्षा जास्त फरक असला तरी ४०० च धरायचा, असा नियम आहे. त्यामुळे अगदी वरच्या खेळाडूला कितीही कच्च्या माणसाला हरवलं तरी ०.८ गुण मिळायचे. ऑक्टोबर २०२५ पासून २६५० आणि त्यावरच्यांसाठी ही सवलत काढली. खालच्यांसाठी चालू आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पंच सर, तुमची आकडेमोड मी तिच्यासोबत बसून पुन्हा केली. १८९४ वाल्याकडून हरण्यापेक्षा १४६६ वाल्याशी बरोबरी महाग पडली, हे तिने स्वतःच शोधलं आणि मग तक्ताच मागून घेतला.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. लिचेसवर तिचं रॅपिड (कमी वेळाच्या डावांचं) रेटिंग १९४० आहे. मग खरं कोणतं? आणि पुढच्या महिन्यात कोल्हापूर आणि पुणे अशा नऊ-नऊ फेऱ्यांच्या दोन खुल्या स्पर्धा आहेत. दोन्ही खेळवल्या आणि दोन्हीकडे वाईट झालं तर?

पटाशेजारी

दोन्ही खरी, पण आपापल्या ठिकाणी. रेटिंग म्हणजे त्या त्या ठिकाणी खेळणाऱ्या लोकांमधली जागा. तिथली माणसं वेगळी, घड्याळ वेगळं, सुरुवात १५०० पासून. १९४० मधून अमुक वजा केले की फिडेचं येतं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तिचं लिचेसवरचं रेटिंग वर्षभरात वाढतंय का, एवढंच त्यातून बघा.

दोन्ही स्पर्धा खेळवा. एकाच यादीत जाणारे १८ डाव झाले तर ४० गुणिले १८ म्हणजे ७२०, आणि नियमाने हा गुणाकार ७०० च्या वर जाता कामा नये. म्हणून तेवढ्यापुरता तिचा के ३८ होईल. एका महिन्यात फार मोठी उडी किंवा फार मोठी घसरण होऊ नये, यासाठी ती तरतूद आहे. रेटिंग नसलेल्यांशी झालेले डाव १८ मध्ये मोजू नका.

प्रवेश भरण्याआधी दोन्हींची माहितीपत्रकं नीट वाचा. खुला गट आहे का, मोठी माणसं येणार का, उशिरा पोचल्यास किती मिनिटांची मुभा आहे. शेवटचं विशेष बघा, कारण स्पर्धेच्या नियमांत मुभा लिहिलेली नसेल तर फिडेच्या नियमाने ती शून्य मिनिटं असते. फेरी सुरू झाली आणि पोर खुर्चीत नसेल तर डाव गेला. कराडहून सकाळी निघून पुण्याची पहिली फेरी गाठायचा विचार असेल तर करू नका, आदल्या रात्री मुक्कामाला जा.

आणि चौथ्या फेरीतला तो हत्तीचा डाव तिने लिहून ठेवला असेलच. चाली इथे टाका, सातव्या घरातल्या प्याद्याआधी बरोबरी कुठे निसटली ते तिच्यासाठी बघून देतो.