उघड्यावर उभ्या राहणाऱ्या कारसाठी नागपूरच्या उन्हात कव्हर घ्यावे का, आणि कोणते?

त्रिमूर्तीनगरवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या इमारतीत झाकलेल्या पार्किंगच्या जागा सदनिकांपेक्षा कमी आहेत आणि आमच्या वाट्याला मागच्या बाजूची, पश्चिमेचे ऊन थेट खाणारी उघडी जागा आली आहे. तेथे आमची गडद लाल रंगाची सेडान उभी असते. कार्यालयात मी मेट्रोने जातो, त्यामुळे कार बहुधा रविवारीच बाहेर निघते आणि उरलेला आठवडा दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तापत राहते. शेजारी कडुनिंबाचे मोठे झाड आहे, पण त्याची सावली फक्त सकाळी मिळते. दुपारी त्याचा उपयोग कारपेक्षा पक्ष्यांनाच अधिक होतो. भरीला वरच्या मजल्यावरील एका कूलरचे पाणी बॉनेटवर ठिबकते आणि वाळल्यावर पांढरे डाग उरतात.

कव्हर घेण्याचा विचार आहे, परंतु ऐकीव सल्ले परस्परविरोधी आहेत. एका शेजाऱ्यांच्या मते सरळ ताडपत्री टाकावी, तर दुसरे म्हणतात की कोणतेही कव्हर रंगावर चरे पाडते. दुकानात आणि ऑनलाइन ‘१९० टी’, ‘तीन पदरी’, ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असे शब्द दिसतात आणि किमती काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जातात. आपल्याकडचे ऊन, धूळ आणि पावसाळा या तिन्ही गोष्टी ध्यानात घेऊन नेमके काय घ्यावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

धरमपेठचा रंगारी

मी डेंटिंग-पेंटिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून रंगाच्या बाजूने लिहितो. कव्हर घ्यावे की नाही, हे कारच्या किमतीवर नव्हे तर ती किती काळ सलग उभी राहते यावर ठरवावे. रोज दोन-तीनदा बाहेर काढावी लागणाऱ्या कारला कव्हर हे बहुधा नुकसानच करते, कारण प्रत्येक वेळी धुळीवरून कापड ओढले जाते. तुमची कार मात्र आठवडाभर एका जागी असते आणि रंग गडद लाल आहे, तेव्हा तुम्ही कव्हर अवश्य घ्यावे.

आजच्या कारवर रंगाचा जो थर दिसतो, त्याच्यावर एक पारदर्शक लेप असतो आणि आमच्या व्यवसायात त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. उन्हातील अतिनील किरण अडवणारी द्रव्ये याच लेपात मिसळलेली असतात आणि ती वर्षानुवर्षे उन्हात हळूहळू खर्ची पडतात. त्यानंतर आधी चमक जाते, मग पांढुरकेपणा येतो आणि शेवटी पापुद्रे सुटू लागतात. हे सर्व टपावर आणि बॉनेटवर प्रथम होते, दरवाजांवर फार उशिरा, कारण ऊन वरून पडते. लाल रंगद्रव्ये उन्हात इतरांपेक्षा लवकर फिकी पडतात, हे जुन्या लाल मोटारींकडे पाहिले तरी कळते. एकदा पापुद्रे सुटले की पॉलिशचा काहीही उपयोग नसतो. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो.

नागपूरच्या तापमानाचा उच्चांक ४७.९ अंशांचा, मे २०१३ मधला. (मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, पण तो संवेदकाचा दोष ठरला. रंगाचे वाटोळे व्हायला ५६ ची गरज नाही, आपले नेहमीचे ४५ पुरेसे आहेत.) हे आकडे सावलीतल्या हवेचे असतात. उन्हातल्या गडद पत्र्याचे तापमान त्याहून खूप वर जाते आणि पक्ष्यांची विष्ठा सर्वांत जास्त घातक ठरते ती याच अवस्थेत. तापलेला क्लिअर कोट किंचित मऊ होऊन फुगतो, आणि रात्री थंड होताना वाळून घट्ट झालेल्या विष्ठेभोवती आकसून तिचाच ठसा घेतो. त्यामुळे धुतल्यावरही डाग दिसत राहतो. मे अखेरीपासून निंबोळ्या पिकू लागल्या की तुमच्या झाडावर पक्ष्यांची वर्दळ वाढेल, तेव्हा केवळ या एका कारणासाठीसुद्धा कव्हरचा खर्च वसूल होतो.

आता कापडाविषयी. ‘१९० टी’ म्हणजे एका चौरस इंचातील उभ्या-आडव्या धाग्यांची एकूण संख्या. त्यावरून वीण किती दाट आहे ते कळते, कापड उन्हात किती टिकेल ते कळत नाही. टिकाऊपणा धाग्याच्या जातीवर आणि त्यावरील लेपावर अवलंबून असतो. उन्हाला पॉलिस्टर हे नायलॉनपेक्षा चांगले तोंड देते. पॉलिप्रॉपिलीनचे, न विणलेले, कागदासारखे हलके कापड हवा खेळती ठेवते, पण त्यात अतिनील किरणांपासून रक्षण करणारे द्रव्य मिसळलेले नसेल तर आपल्या उन्हात त्याचा चुरा होतो. स्वस्त चंदेरी कव्हरची खोड वेगळीच आहे: एखाद-दुसऱ्या उन्हाळ्यात चंदेरी लेप भुकटी होऊन सुटतो आणि कारवर बसतो. विकत घेताना ओला पांढरा रुमाल चंदेरी बाजूवर दाबून घासून पाहावा. रुमालाला राखाडी रंग लागला तर ते कव्हर दुकानातच राहू द्यावे.

तुमच्यासाठी माझी निवड सांगतो. बाहेरून चंदेरी किंवा फिकट रंगाचे, आतून मऊ अस्तर असलेले पॉलिस्टरचे कव्हर घ्यावे, ज्यातून थोडी हवा जाते. ताडपत्रीचा सल्ला मात्र कृपया ऐकू नये. ती खरखरीत असते, हवा कोंडते, आणि पीव्हीसीचा लेप असलेली असेल तर कडक उन्हात रंगाला चिकटून डाग सोडू शकते. कारचा एखादा भाग नुकताच रंगवून आणला असेल, तर नवा रंग पूर्ण पक्का होईपर्यंत, म्हणजे निदान महिनाभर, कोणतेच कव्हर घालू नये.

हिंगणा मार्ग

वरील सविस्तर उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, पण एक पर्याय सुचवावासा वाटतो. मला रोज एमआयडीसीत जावे लागते, म्हणून मी कव्हर वापरत नाही. आम्ही चार घरांनी मिळून लोखंडी पाइपांच्या चौकटीवर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी ताणून बसवली आहे. ही जाळी ५०, ७५ किंवा ९० टक्के सावली अशा प्रकारांत मिळते. मोटारीसाठी ९० टक्क्यांची घ्यावी. शहरातल्या काही चौकांत उन्हाळ्यात सिग्नलवर असतेच तशी. कापड रंगाला लागतच नसल्यामुळे चऱ्यांचा प्रश्न उरत नाही. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा मात्र काही प्रमाणात येतेच, आणि मे-जूनमधल्या वावटळीत जाळी फाटू नये म्हणून कडा दोरीने नीट शिवून घ्याव्या लागतात. सोसायटीची लेखी परवानगी आधी घेतलेली बरी, कारण चौकट सामाईक जागेत उभी राहते.

त्रिमूर्तीनगरवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जाळीचा प्रस्ताव सोसायटीच्या सभेत मांडून पाहीन, परंतु आमच्या सभेचा अनुभव पाहता या उन्हाळ्यात तरी तो मार्गी लागेल असे वाटत नाही, त्यामुळे तूर्त कव्हरच घ्यावे लागेल. आता दोन शंका उरतात. पहिली अशी की, आठवडाभरात कव्हरखालीही बारीक धूळ शिरतेच, मग चरे टाळायचे कसे? आणि दुसरी, पावसाळ्यात वॉटरप्रूफ कव्हर घालून ठेवावे की अजिबात घालू नये? येथे घरातही मतभेद आहेत.

बेसा येथून

चऱ्यांविषयी आधी लिहितो, कारण बहुतेक जण कव्हरला दोष देतात आणि वापरण्याच्या पद्धतीकडे दुर्लक्ष करतात. आपल्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा पुष्कळ कठीण असतात. सिमेंटच्या रस्त्यांची कामे चालू असलेल्या वस्तीत किंवा कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या बाजूला राखेची भुकटीही त्यांत मिसळते. कापड स्वतः रंगाला ओरखडत नाही. कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकलेला कण ओरखडतो. म्हणून कव्हर घालण्याआधी कार धुवून पूर्ण कोरडी करावी. दर वेळी धुणे शक्य नसेल, तर निदान टप आणि बॉनेट यांवर भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी आणि मगच मऊ कापडाने टिपावे. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची आपल्याकडची रोज सकाळची पद्धत कव्हरपेक्षा कितीतरी अधिक चरे पाडते, आणि कार पुसणाऱ्या मुलाला हे समजावणे हे या सर्वांतले सर्वांत अवघड काम आहे.

काढताना कव्हर एका बाजूने ओढत नेऊ नये. दोन्ही कडा उचलून टपावर घड्या घालत आणाव्या, पुढचा आणि मागचा भागही टपावरच गुंडाळावा आणि मग सगळा गठ्ठा उचलावा. असे केल्याने धुळीची बाहेरची बाजू बाहेरच्या बाजूलाच लागून राहते आणि आतले अस्तर स्वच्छ राहते. घालताना हाच क्रम उलटा करावा. हे एकट्याला जमते, मात्र वारा असेल त्या दिवशी दुसरा हात लागतो.

वाऱ्यावरूनच दुसरा मुद्दा निघतो. कव्हर सैल असेल तर वाऱ्यात फडफडून आरशांच्या आणि टपाच्या कडांवर सतत घासत राहते आणि रंग त्या ठिकाणी निस्तेज होतो. म्हणून आपल्या मॉडेलच्या मापाचेच कव्हर घ्यावे, त्याला आरशांचे खिसे असावेत, खाली पुढे-मागे इलॅस्टिक असावे, आणि कारच्या पोटाखालून बांधायचा पट्टा असावा. ‘सर्व सेडानसाठी’ असे लिहिलेले कव्हर बहुधा कोणत्याच सेडानला नीट बसत नाही. पट्ट्याचे बक्कल धातूचे असेल तर ते प्लास्टिकचे करून घ्यावे, म्हणजे वाऱ्यात आपटून दरवाजाला पोचे पडणार नाहीत. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वाधिक तापणाऱ्या नऊ दिवसांच्या, सुमारास संध्याकाळी आभाळ अचानक काळे होऊन वादळी वारा सुटतो, तेव्हा पट्टा न बांधलेले कव्हर पुढच्या गल्लीत शोधावे लागते.

पावसाळ्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: चार महिने कव्हर धुवून, वाळवून घरात ठेवावे. नागपुरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. पाऊस रंगाला फारसा अपाय करत नाही; उलट तो धूळ धुऊन नेतो. अपाय होतो तो कोंडलेल्या ओलाव्याने. पूर्ण वॉटरप्रूफ कापडाखाली जमिनीतील ओल वाफ होऊन वर येते, रात्री कापडाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि सकाळच्या उघडीत कार त्याच वाफेत राहते. दगड लागून जेथे रंगाचा टवका उडालेला असतो तेथे गंज धरतो, आसनांवर बुरशी येते, हेडलाइटच्या आत धुके धरते. शिवाय झाकलेली, दिवसेंदिवस न हललेली कार ही उंदरांना आणि घुशींना आयतीच मिळालेली कोरडी जागा असते, आणि ते वायरिंग कुरतडतात. पावसाळ्यात बॉनेट अधूनमधून उघडून पाहावे.

त्यामुळे तुमच्या बाबतीत फेब्रुवारीच्या अखेरीपासून पहिला दमदार पाऊस येईपर्यंत कव्हर, मग सुट्टी, आणि ऑक्टोबरच्या उन्हापासून पुन्हा कव्हर, असे वेळापत्रक योग्य होईल. डिसेंबर-जानेवारीत दव पडते, तेव्हा सकाळी उशिरा ऊन आल्यावर कव्हर तासभर उघडून वाळू द्यावे. रविवारी बाहेरून आल्यावर लगेच कव्हर घालू नये. सायलेन्सर आणि चाकांच्या डिस्क गरम असतात आणि हलके कापड वितळून चिकटू शकते.

धरमपेठचा रंगारी

पावसाळ्याबाबत वरील सदस्यांशी मी सहमत आहे, फक्त कडुनिंबाखाली उभ्या कारला जून-जुलैत निंबोळ्या आणि पक्षी यांचा त्रास सर्वाधिक असतो, तेव्हा विष्ठा दिसताच त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून, मऊ झाल्यावर उचलावी. वाळलेली खरवडू नये. दर तीन-चार महिन्यांनी चांगल्या मेणाचा हात दिला तर डाग थेट क्लिअर कोटला भिडत नाही आणि कव्हरखालची धूळही सहज निघते.

कूलरच्या डागांविषयी कोणी लिहिले नाही. कूलरमध्ये बहुधा बोअरचे पाणी भरतात आणि ते जड असते. पाणी उडून गेले की त्यातील चुन्याचे क्षार मागे राहतात. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून, सावलीत आणि पत्रा थंड असताना टिपावेत आणि लगेच साध्या पाण्याने धुवावेत. जुने डाग क्लिअर कोटमध्ये रुतलेले असतात आणि त्यांना मशिनच्या पॉलिशनेच काढावे लागते. कव्हर घातल्यावर हे पाणी कव्हरवर ठिबकत राहील आणि त्या एकाच जागी कापड सदैव ओले राहून खाली डाग धरेल, म्हणून कव्हर विकत घेण्याआधी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना भेटून कूलरच्या खाली एक नळी लावून घ्यावी. ती नळी फार स्वस्तात मिळते.

त्रिमूर्तीनगरवासी

आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जाऊन आलो. नळी मी आणून द्यायची आणि कूलरला ते बसवतील असे ठरले आहे. कव्हर मात्र बर्डीतल्या दुकानात प्रत्यक्ष हातात घेऊनच निवडेन, आणि पांढरा रुमाल सोबत नेईन.