मदत हवी आहे: ‘फर्स्ट लेडी’ला मराठीत काय लिहू?

गवतीचहा
व्हाइट हाउसवरचा एक लेख मराठीत करतेय. ‘फर्स्ट लेडी’ला डोळे झाकून ‘प्रथम महिला’ लिहीत सुटले आणि हॅरिएट लेनपाशी अडकले. वाक्य झालं, ‘१८५७ साली हॅरिएट लेन अमेरिकेच्या प्रथम महिला झाल्या.’ आईला वाचून दाखवलं. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “म्हणजे त्याआधी तिकडे बायकाच नव्हत्या?”

‘राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी’ लिहावं तर तेही खोटं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन आजन्म अविवाहित, हॅरिएट त्यांची सख्खी भाची. काय करू? लेख उद्या द्यायचाय.

काजूगर
‘पत्नी’ कटाप. यात नातं दुय्यम, यजमानपण मुख्य. अँड्र्यू जॅक्सन १८२८ला निवडून आले, पण शपथविधीआधीच पत्नी रेचल वारल्या. मग रेचलची भाची एमिली डोनेल्सन पाहुण्यारावळ्यांचं बघायची. ग्रोव्हर क्लीव्हलंडचं १८८६त लग्न होईपर्यंत त्यांच्या बहिणीने, रोझने, हे सांभाळलं. अमेरिकन घटनेत या पदाचा उल्लेखही नाही, पगारही नाही.

उंबरठा
पाटलाची पाटलीण, तशी राष्ट्राध्यक्षीण म्हणा की! 😀

काजूगर
@उंबरठा, मास्तरीण म्हणजे मास्तरांची बायको आणि शिकवणारी बाईसुद्धा. ‘राष्ट्राध्यक्षीण’ वाचून लोकांना वाटेल बाईच निवडून आली.

वऱ्हाडी_ठेचा
घोळ ‘प्रथम’चा आहे. आमच्या अमरावतीचंच घ्या. देवीसिंह शेखावत शहराचे ‘पहिले’ महापौर आणि महापौर म्हणून ‘प्रथम’ नागरिक. एक क्रम, दुसरा मान. ‘प्रथम नागरिक’ कानाला सवयीचं आहे म्हणून खटकत नाही, ‘प्रथम महिला’ला ती सवय नाही. त्यात प्रतिभाताई २००७ साली देशाच्या ‘पहिल्या महिला’ राष्ट्रपती झाल्या, म्हणजे गोंधळात भरच. (आणि शेखावत झाले ‘राष्ट्रपतींचे पती’. हे मोठ्याने म्हणून बघा.) माझं मत, सरळ ‘फर्स्ट लेडी’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे उलगडून सांगा.

गवतीचहा
पटलं. आता असं केलंय: ‘ब्युकॅनन अविवाहित असल्याने व्हाइट हाउसची यजमानीण, म्हणजेच फर्स्ट लेडी, म्हणून त्यांची भाची हॅरिएट लेन वावरू लागली.’ आईने मान डोलावली. फक्त ‘वावरू लागली’ की ‘लागल्या’? भाची तेव्हा २६-२७ वर्षांची होती.