'हिस्पॅनिक', 'आप्रवासी', 'कागदपत्रं नसलेले' : मराठीत काय लिहावं?

रानजाई:
आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. विषय आहे कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांचं आरोग्य आणि त्यांचे हक्क. फ्रेस्नोच्या आसपास द्राक्षं, बदाम, टोमॅटोच्या शेतांत राबणारे बहुतेक लोक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. एका मोफत दवाखान्यात मी स्पॅनिश दुभाषी म्हणून जाते, तिथे त्यांची भेट होते. 'हिस्पॅनिक' तसंच ठेवू की 'स्पॅनिशभाषक' म्हणू? 'इमिग्रंट'साठी स्थलांतरित की आप्रवासी? आणि ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांना काय म्हणायचं? बातम्यांत 'घुसखोर' सर्रास दिसतं. तो शब्द मी लिहिणार नाही, एवढं ठरलेलं आहे.

पिंपळपान:
रानजाईताई, 'हिस्पॅनिक'च ठेवा. 'स्पॅनिशभाषक' दोन्हीकडून तोकडा पडतो. टेक्सास, न्यू मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेकांना आता स्पॅनिश येत नाही, तरी ते हिस्पॅनिकच. हा शब्द मुळात सरकारी रकान्यातला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने 1977 मध्ये त्याची व्याख्या ठरवली, 1980च्या जनगणनेत तो प्रश्न पहिल्यांदा सगळ्या घरांना विचारला गेला, आणि 1997 मध्ये शेजारी 'लॅटिनो' आला. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषा-संस्कृतीशी नातं असलेला, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतला. त्यामुळे ब्राझीलचा माणूस रूढ अर्थाने लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाही. स्पेनचा माणूस नेमका उलट.

लेखात एक गोष्ट ठळक यायला हवी. 2020च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोक 6 कोटी 21 लाख भरले, म्हणजे लोकसंख्येच्या 18.7 टक्के. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले नागरिक आहेत. पोर्तो रिकोचे लोक तर 1917 पासून नागरिक. म्हणून 'हिस्पॅनिक' आणि 'इमिग्रंट' एकमेकांच्या जागी वापरू नका. आणि जिथे देश माहीत असेल तिथे मेक्सिकन, ग्वातेमालन, साल्वाडोरन असंच लिहा. ती माणसं स्वतःबद्दल बहुतेक वेळा तसंच सांगतात.

मांडवी:
आम्हां गोंयकारांची पोर्तुगीज आडनावं बघूनसुद्धा तिकडे कारकून 'हिस्पॅनिक'वर खूण करतात. माझ्या मावसभावाचा अनुभव आहे. आडनावावरून अंदाज बांधू नये, असं लेखात जरूर लिहा.

रानजाई:
मांडवी, अगदी हेच दवाखान्यातही होतं, आणि तिथे ते धोक्याचं असतं. वाहाका राज्यातून आलेल्या कितीतरी मजुरांची मातृभाषा मिश्तेको, त्रिकी किंवा सापोतेको असते. या मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या भाषा आहेत, स्पॅनिशशी त्यांचं काही नातं नाही. पण आडनाव गार्सिया किंवा लोपेस, म्हणून स्पॅनिश दुभाषी बोलावला जातो. बाई मान डोलावते, 'सी, सी' म्हणते, आणि गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर हे न कळताच घरी जाते. मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: घरी कोणती भाषा बोलता?

शब्दांकुर:
'आप्रवासी'बद्दल. 'आ' म्हणजे कडे, आत. बाहेरून येऊन वसणारा तो आप्रवासी, आणि सोडून जाणारा तो उत्प्रवासी. शब्द नेमका आहे. पण हिंदीत अनिवासी भारतीयांना 'अप्रवासी' म्हणतात आणि एका काना-मात्रेच्या फरकाने आपल्याकडे घोटाळा होतो. 'आप्रवासी'चा सगळ्यांत ठसठशीत वापर पाहायचा तर मॉरिशसला. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर भारतातले करारबद्ध मजूर उतरत, तो 'आप्रवासी घाट' 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्या मजुरांत आपल्या कोकणातलेही होते, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात.

माझं मत: कायद्याबद्दल लिहाल तिथे 'आप्रवासी', माणसांबद्दल लिहाल तिथे 'स्थलांतरित'. दुसरा शब्द वाचकाला अडवत नाही. 'निर्वासित' मात्र नको. त्याला स्वतंत्र कायदेशीर अर्थ आहे.

डॉ. कडुनिंब:
'बेकायदेशीर' हे विशेषण कृतीला लागतं, माणसाला नाही. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेनेही 2013 मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेतून माणसाला 'बेकायदेशीर' म्हणणं काढून टाकलं. स्पॅनिशमध्ये लोक साधं 'सिन पापेलेस' म्हणतात, कागदांवाचून. मराठीत 'कागदपत्रं नसलेले' लिहा. लांब आहे, पण कुणालाही कळतं. 'विनाकागद' मला कृत्रिम वाटतो.

नावाचा आग्रह मी धरतो, कारण ते ऐकून माणूस दवाखान्याची पायरी चढतो किंवा चढत नाही. अमेरिकेत 1986च्या कायद्याने आणीबाणीत आलेल्या रुग्णाला तपासणं आणि त्याची प्रकृती स्थिर करणं मेडिकेअरशी (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याशी) जोडलेल्या रुग्णालयांना बंधनकारक आहे. कागदपत्रं असोत-नसोत, पैसे असोत-नसोत. पण त्यापुढचा रस्ता अरुंद आहे. 1996च्या कायद्यामुळे ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेक प्रौढांनाही केंद्राच्या मेडिकेडसाठी, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, पाच वर्षं थांबावं लागतं, आणि कागदपत्रं नसलेल्यांना आणीबाणीपलीकडे ते मिळतच नाही.

एक संज्ञा तुम्हाला हमखास लागेल: 'पब्लिक चार्ज'. 1882च्या कायद्यापासून चालत आलेली. जो सरकारवर अवलंबून राहील असं वाटेल, त्याला प्रवेश किंवा कायमचं वास्तव्य नाकारता येतं. मराठीत 'सरकारवर भार' म्हणता येईल. 2019 मध्ये या संज्ञेची व्याप्ती वाढवणारा नियम आला तेव्हा ज्यांना तो लागूही नव्हता अशा कुटुंबांनी भीतीपोटी मुलांचा वैद्यकीय लाभ सोडला. त्यांतली बरीच मुलं अमेरिकेची नागरिक होती. तो नियम 2021 मध्ये मागे घेतला गेला, पण घरात शिरलेली भीती अधिसूचनेने जात नाही.

पिंपळपान:
डॉक्टर, दुभाष्याच्या चुकीचं ते 1980चं फ्लोरिडातलं प्रकरण इथे सांगायला हवं. 18 वर्षांच्या क्युबन मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरचे म्हणाले 'इन्तोक्सिकादो', म्हणजे खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. डॉक्टरांनी इंग्रजी कानाने ऐकलं: नशा केलेला. अमली पदार्थांचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले, आणि रुग्णालयाला आयुष्यभराची जी भरपाई कबूल करावी लागली तिचा आकडा सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलर सांगितला जातो. तिथे प्रशिक्षित दुभाषी नव्हता.

डॉ. कडुनिंब:
त्यातलं पुढचं पाऊल म्हणजे 2016चा नियम: आणीबाणी सोडून लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायचं नाही. दहा वर्षांच्या मुलीने आईचा गर्भपात किंवा कर्करोग डॉक्टरांना समजावून सांगायचा, हे चित्र अनेक स्थलांतरित घरांत दिसतं. आपल्या मराठी घरांतही आजी-आजोबा अमेरिकेत आल्यावर नातवाला पुढे करतात. तेही थांबवावं.

केवडा:
'सुस्तो' या शब्दाला मराठी काय? मेक्सिकन शेजारीण नेहमी म्हणते, सुस्तोने आजारी पडले.

रानजाई:
केवडा, 'धसका'! इतका चपखल शब्द इंग्रजीत नाही. मोठ्या भीतीनंतर झोप उडणं, भूक जाणं, अंगातलं त्राण जाणं. आपल्याकडे धसका घेऊन माणूस खंगतो, तिकडेही. अनेक जण मधुमेहाचं कारणही सुस्तोच सांगतात. त्यावर हसणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट परत येत नाही. 'माल दे ओहो' म्हणजे सरळ आपली दृष्ट.

शब्दांकुर:
आणि 'राइट्स'ला हक्कच लिहा. 'अधिकार' मराठीत साहेबाकडेही असतो. शेतमजुराचा तो हक्क.

रानजाई:
हक्कच लिहीन. एक शब्द मात्र मूळ स्पॅनिशच ठेवणार आहे: 'एल कोर्तितो', आखूड दांड्याचं खुरपं. मालकांचा आग्रह असायचा की मजुरांनी त्यानेच बीट आणि लेट्यूसची विरळणी करावी. दिवसभर कंबरेत वाकून. पाठीचे मणके झिजून माणसं तरुणपणीच निकामी व्हायची. मजुरांनी आणि डॉक्टरांनी साक्षी दिल्या आणि 1975 मध्ये कॅलिफोर्नियात त्या अवजारावर बंदी आली. 2005 मध्ये तिथेच उन्हात काम करणाऱ्यांसाठी पाणी, सावली आणि विश्रांतीचा नियम झाला, तोही मजुरांचे मृत्यू झाल्यावर. आरोग्य आणि हक्क मी एकाच लेखात का घेतले, हे त्या खुरप्याच्या गोष्टीतून वाचकाला कळेल. ती सुरुवातीला घालते.

'प्रोमोतोरा'ला कुणी शब्द सुचवा. वस्तीतलीच बाई, शेजारणींना साखर तपासायला नेणारी, लस कुठे मिळते ते सांगणारी. काम आपल्या आशाताईंसारखं, पण 'आशा' हे आपल्या सरकारी योजनेचं नाव. 'आरोग्यसखी' चालेल का?

केवडा:
चालेल. शब्द महाराष्ट्रात कानावरून गेलेला आहे. पहिल्यांदा येईल तिथे 'प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतली आरोग्यसखी' असं लिही, पुढे नुसतं आरोग्यसखी. पुरुष असेल तर मात्र 'आरोग्यदूत'.