सोयाबीनचं बियाणं औषध न लावता पेरणं मला तरी आता परवडत नाही. तुमचं काय?

मांजराकाठ (लातूर जिल्हा, साडेसहा एकर)

मृगाला तीन आठवडे राहिलेत. आमच्या घरात दर मे महिन्यात होणारा वाद सुरू झालाय, म्हणून इथे मांडतोय. थोरला भाऊ म्हणतो, बीजप्रक्रिया म्हणजे दुकानदाराचं घर भरणं. मी म्हणतो, औषध लावल्याशिवाय एक दाणाही जमिनीत जाणार नाही.

माझं मत कशावरून बनलं ते सांगतो. गेल्या वर्षीचा हिशोब धरत नाही, सप्टेंबरच्या पुरानं मोजायला काही ठेवलंच नाही. 2024 च्या खरिपातली गोष्ट आहे. घरचं फुले संगम वाणाचं बियाणं होतं. चार एकरांचं बियाणं औषध लावून पेरलं आणि औषध संपलं. आभाळ भरून आलेलं, ट्रॅक्टर शेतात उभा, त्यामुळे उरलेलं अडीच एकर तसंच उरकलं. रान एकच, बियाणं एकच, दिवसही एकच.

बाराव्या दिवशी बिनऔषधाच्या तुकड्यात तासांमध्ये खांडवे (रोपं मरून रिकाम्या जागा) दिसायला लागले. रोप माना टाकायचं, उपटलं की बुडाशी पांढरी बुरशी. पुढे त्याच जागी मोहरीसारखे गोल दाणे दिसले, म्हणजे मर होती ती. बाविसाव्या दिवशी दोन्हीकडची दहा-दहा रोपं उपटून खोडं उभी चिरली. बिनऔषधाच्या दहातल्या सहा खोडांत लालसर नागमोडी भुयार, दोघांत तर आत खोडमाशीची अळी. औषधाच्या दहांत एकच. शेवटी उतार आला औषधाच्या तुकड्यात एकरी नऊ क्विंटल आणि बिनऔषधाच्या साडेसहा क्विंटल.

खर्च? कार्बोक्झिन अधिक थायरम हे बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम, थायामेथोक्झाम 30 एफएस हे कीटकनाशक किलोला 10 मिली, वरून रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू). मला एकरी नऊशेच्या आसपास लागले. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये धरला तर हे सतरा किलो सोयाबीन झालं. हमीभाव हातात पडत नाही हे मलाही माहीत आहे. वीस-बावीस किलो धरा. तरीही अडीच क्विंटलपुढे ते काय आहे?

ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहावं. भावाला वाचून दाखवणार आहे.

---

पैनगंगेकाठचा (रिसोडकडचा)

भाऊ, मले नाही पटत. तुमचे आकडे खोटे म्हणत नाही, पण एका वर्षाच्या एका रानावरून तुम्ही सगळ्यायले औषध घ्यायले लावता, हे चूक आहे.

आमच्याकडे सोयाबीन मरते ते बुरशीनं कमी आणि मळणी यंत्रानं जास्त. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी. यंत्राचा वेग चढवून माल काढला की दाणा वरून साजरा दिसते, आतून अंकुर तुटलेला असते. मग पोत्यांची थप्पी सात-आठ फूट लावते, खालचं बियाणं दबते. अशा मेलेल्या दाण्याले तुम्ही सोन्याचा मुलामा द्या, तो उगवत नाही. 2020 ची आठवण करा. सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो शेतकऱ्यांच्या तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली. ते बियाणं कंपनीच्या पिशवीतलंच होतं ना, पुष्कळशाले औषध लावूनच आलेलं? मग औषधानं काय वाचवलं?

अन् यंदा तर जास्तच भ्या आहे. गेल्या वर्षी शेंगा झाडावरच भिजल्या, काहीत तर शेंगेतच मोड आले. त्यातलं चाळून ठेवलेलं बियाणं कितीही टपोरं दिसो, मी त्याच्यावर इश्वास ठेवणार नाही. माझा खर्च एकच, एक ओलं गोणपाट. 100 दाणे मोजून, दहा-दहाच्या ओळीत ठेवून, गुंडाळून सावलीत ठेवतो. सहा-सात दिवसांनी 70 सरळ अंकुर निघाले तर एकरी 30 किलो पेरतो. पासष्ट निघाले तर बियाणं वाढवतो. साठच्या खाली गेलं तर ते मोंढ्यावर (बाजारात) जाते, पेरणीले नाही. पाऊस 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय अन् वापसा (पेरण्याजोगी ओल) आल्याशिवाय तिफण बाहेर काढत नाही, दाणा दीड-दोन इंचाच्या खाली जाऊ देत नाही. अठरा वर्षांत दोनदाच दुबार पेरणी केली.

---

मांजराकाठ

गोणपाटाबद्दल शंभर टक्के सहमत, मीही करतो. पण गोणपाटात बुरशी नसते दादा. तिथं दाण्याला उगवायचंच असतं, दुसरं काही झेलायचं नसतं. रानात पेरणीनंतर चार दिवस झड लागली की चिकण काळ्या मातीत तोच दाणा फुगून कुजतो. गोणपाट दाणा जिवंत आहे का ते सांगतं. तो मातीत टिकेल का, हे सांगत नाही.

---

बीजामृत (बार्शी)

मी रासायनिक औषध सोडून सात वर्षं झाली. तुमच्या नऊशे रुपयांतला मोठा वाटा कीटकनाशकाचा आहे, तेवढ्यापुरतं बोलतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 2014 मध्ये सोयाबीनवरच्या याच गटाच्या (निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या) बीजप्रक्रियेचा आढावा घेतला. बहुतेक परिस्थितीत एकूण उत्पादनाला फायदा नगण्य किंवा शून्य, असा निष्कर्ष काढला. युरोपीय संघानं 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि तुमचं थायामेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर मधमाश्यांसाठी बंद केला. तिकडे नाकारलेलं आपण किलोला दहा मिली चोळतोय. औषध रोपात चढतं तसं जमिनीतही उरतं. पेरताना वर पडलेले, औषधानं गुलाबी झालेले दाणे चिमण्या, तितर टिपतात, ते कोणी मोजत नाही.

मी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी) किलोला 10 ग्रॅम आणि रायझोबियम लावतो. उतार सहा-सात येतो, पण पोटात गोळा नसतो.

---

परभणीचा विद्यार्थी (कृषी पदव्युत्तर)

बीजामृत काका, अहवालाचं म्हणणं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तिकडची सोयाबीनवरची मोठी कीड म्हणजे मावा. तो पीक बरंच वाढल्यावर येतो. बियाण्याला लावलेल्या औषधाचा जोर तीन-चार आठवडे टिकतो. मावा येईपर्यंत तो ओसरलेला असतो, म्हणून फायदा दिसला नाही. आपल्याकडची खोडमाशी उलट वागते. माशी कोवळ्या पानावर अंडी घालते, अळी देठातून खोडात उतरते. रोप लहान असताना झालेलं नुकसान सगळ्यात जास्त. म्हणजे औषधाचा जोर आणि किडीची वेळ इथे जुळते. मांजराकाठ यांनी खोड चिरून जे पाहिलं, ते याच कारणानं दिसलं.

पण मांजराकाठ, तुमच्याशीही भांडण आहे. तुम्ही तिन्ही गोष्टी एकत्र लावल्या आणि अडीच क्विंटलचं श्रेय तिघांना मिळून दिलं. कशामुळे किती वाढलं हे कसं कळणार? कदाचित दीड क्विंटल बुरशीनाशकानंच वाचवलं असेल, झाडांची संख्या टिकली म्हणून. माझं मत असं आहे की बुरशीनाशक आणि रायझोबियम सगळ्यांनी लावावं. कीटकनाशक मात्र ज्यांच्या रानात दरवर्षी खोडमाशी लागते किंवा पांढऱ्या माशीमुळे पिवळा मोझॅक येतो, त्यांनीच. सरसकट लावलं तर काकांची भीती खरी ठरेल, आणि चक्रीभुंग्यासाठी (देठाला-खोडाला चक्र पाडणारी कीड) पुढे फवारणी लागायची ती लागेलच. तो उशिरा येतो, तोवर बियाण्याचं औषध संपलेलं असतं. औषध लावलंय म्हणून महिन्यानंतर शेतात न जाणारे मी पाहिलेत.

बियाण्याला बीजामृत (शेण-गोमूत्राचं द्रावण) लावणाऱ्यांना एक विनंती. हरभऱ्याला चालतं तसं सोयाबीन भिजवू नका. पाच मिनिटांत साल सुरकुतते, मग चोळताना निघून येते. शिंपडा आणि लगेच सावलीत पसरा.

---

दुकानातून (हिंगोली जिल्हा)

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे माझं म्हणणं कोणाला स्वार्थाचं वाटलं तर राग नाही. तरी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली, पिशवीतलं बियाणं घेणाऱ्यांनी आधी पिशवीवरची माहिती आणि लेबल वाचावं. पुष्कळ पिशव्यांत बुरशीनाशक आधीच लावलेलं असतं. लोक वाचत नाहीत आणि तेच औषध दुसऱ्यांदा मागतात. मी नको म्हटलं तर शेजारच्या दुकानातून नेतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर शेवटी जिवाणू. परवा एक गृहस्थ थायरम, ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम एकाच बादलीत कालवायचं म्हणत होते. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, बुरशीनाशकात ती कशी जगेल? दोन्हींतलं एक निवडायचं. रायझोबियमही औषधाशेजारी फार तास तग धरत नाही. ते 10 किलोला 250 ग्रॅम, पेरणीच्या दिवशी सकाळी, सावलीत लावा आणि दुपारपर्यंत पेरा. दोन दिवस आधी लावून ठेवलेलं म्हणजे पैसे पाण्यात.

---

पैनगंगेकाठचा

रायझोबियमची तरी काय गरज? आमच्या रानात वीस-पंचवीस वर्षं सोयाबीनच आहे. जिवाणू मुरलेले असतीलच की.

---

परभणीचा विद्यार्थी

असतात, पण उन्हाळ्यात नांगरलेली काळी जमीन 43 अंशाला तापते तेव्हा बरेच मरतात. जे उरतात ते चांगले काम करणारेच असतील असंही नाही. तुम्हीच तपासा. पस्तिसाव्या दिवशी झाड हलक्या हातानं खणून काढा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती नत्र देतेय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसतीच गाठ आहे.

---

शेतकरीण (अंबाजोगाई)

सगळं वाचलं. किती ग्रॅम, किती मिली, सगळं आलं. लावतं कोण, हे कोणीच लिहिलं नाही.

आमच्याकडे हे काम बायकांचं. ताडपत्रीवर बियाणं ओतायचं, औषध शिंपडायचं आणि हातानं वरखाली करायचं. पाच वर्षं मी उघड्या हातांनी केलं. संध्याकाळी बोटांची आग व्हायची, गुलाबी रंग नखांत आठवडाभर राहायचा, त्याच हातानं भाकरी थापायची. एका वर्षी डोळ्याला हात लागला, रात्रभर डोळा सुजलेला. औषधाच्या खोक्यात हातमोजे निघतात कधी कधी, ते पुरुषाच्या मापाचे असतात आणि पहिल्याच पोत्याला फाटतात. यवतमाळला 2017 मध्ये फवारणीनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा सगळे बोलले. बीजप्रक्रियेनं माणूस पटकन मरत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मी औषधाच्या विरोधात नाही. आमच्याही रानात मर लागते. पण नऊशेच्या हिशोबात जाड रबरी हातमोजे, तोंडाला फडकं आणि साबण धरा. हातानं चोळण्यापेक्षा बीजप्रक्रियेचा फिरता ड्रम गटानं मिळून घ्या. आमच्या बचत गटानं घेतला, हात लावायचं कामच उरलं नाही आणि सालही निघत नाही. आणि उरलेलं बियाणं. औषध लावलेलं सोयाबीन धुऊन म्हशीला घातल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते जनावराला नाही, मोंढ्यावर नाही, घरात डब्यात तर मुळीच नाही. लागेल तेवढ्यालाच औषध लावा. थोडं कमी पडलं तरी चालेल.

---

बीजामृत

ताई, हे मी इतकी वर्षं सांगत होतो पण मला असं सांगता आलं नाही.

---

मांजराकाठ

ताई, आमच्या घरीही वहिनीच लावते. मी पेरणी यंत्राजवळ असतो. काल तिला विचारलं, तर म्हणाली दोन वर्षं हाताला पुरळ येतंय, घामोळं समजून सोडून दिलं होतं. मी इथे खर्च लिहिताना हे कुठेच धरलं नव्हतं. ड्रमबद्दल आमच्या गावच्या गटात बोलतो. यंदा बियाण्याला औषध मी स्वतः लावणार आहे.

विद्यार्थी भाऊ, तुमचा मुद्दा मान्य, श्रेय कोणाचं ते मला सांगता येत नाही. यंदा असं करतो. एका टोकाला दहा तासं फक्त बुरशीनाशक आणि रायझोबियमची, दहा तासं तिन्हींची, आणि दहा अगदी कोरी. मधे खुंट्या रोवतो. बाकीच्या रानाला कीटकनाशक लावायचंच, तिथे माझं मत बदललेलं नाही. बाविसाव्या दिवशी खोडं चिरून इथेच लिहितो.

---

पैनगंगेकाठचा

कोरी दहा तासं ठेवताय हे बेस केलं. पण तिन्हीकडे दाणे मोजून पेरा, नाही तर यंत्रातल्या फरकालाच औषधाचा गुण समजाल. अन् बियाणं कुठलं आहे ते आधी सांगा. पुरातलं की उन्हाळी?

---

मांजराकाठ

उंचावरच्या तुकड्यातलं आहे, पाणी शिरलं नव्हतं, पण काढणीच्या वेळी एक सर खाल्लीय. 100 दाणे आज गोणपाटात ठेवले. गुरुवारी मोजतो.