रेइनेला जायचंय, रेइनेब्रिंगेन झेपेल का?

पावसाळी_ढग: जुलैत नॉर्वेत आहोत, लोफोटेन बेटांवरच्या रेइने गावात राहायचा विचार आहे. आईचं वय साठीच्या पुढे पण चालायची सवय आहे. रेइनेब्रिंगेन डोंगरावरून फियॉर्डचा (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीचा) जो फोटो सगळीकडे दिसतो तो बघायचाय. गाडी नसेल तर जमेल का?

डोंगरवेडा: उंची ४४८ मीटरच पण सुरुवात जवळपास समुद्रसपाटीवरून, त्यामुळे सगळी चढाई आपल्याच गुडघ्यांवर 😄 नेपाळच्या शेर्पांनी बांधलेल्या साधारण २००० दगडी पायऱ्या आहेत, आधी नुसता निसरडा चिखल होता. पाऊस पडून गेला असेल तर सरळ रद्द करा, दगड ओले झाले की उतरताना वाट लागते. वर पोचल्यावर कड्याच्या टोकाला आईंना जाऊ देऊ नका, कठडा वगैरे काही नाही.

स्वाती_प: गाडी नसलेलीच बरी, तिथे पार्किंगची बोंब आहे. मुख्य भूमीवरच्या बुदो शहरातून लोफोटेनमधल्या मोस्केनेसची फेरीबोट घ्या, तीन-चार तास लागतात, तिथून रेइने जवळच. आणि खरं सांगू का, आईंसाठी मी बुनेसचा समुद्रकिनारा निवडेन. रेइनेहून छोट्या बोटीने विनस्टाडला उतरायचं, तिथे रस्ताच पोचत नाही, मग छोटी खिंड ओलांडली की पलीकडे पांढरी वाळू आणि अंगावर येणारे कडे. परतीच्या बोटीची वेळ आधीच बघून ठेवा.

पावसाळी_ढग: मस्त! मग आई बुनेसला, मी दोन्हीकडे. रेइनेब्रिंगेन रात्री केलं तर?

डोंगरवेडा: जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, गर्दीही कमी, बिनधास्त जा. वारा मात्र बघून.