डिसेंबरातली मुलं आणि एकाग्रतेची गोळी

सोनचाफा

माझा मुलगा २६ डिसेंबरचा. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हा नियम, त्यामुळे जूनमध्ये तो साडेपाचाचा होता आणि त्याच्या बाकावरची जानेवारीतली मुलगी जवळपास साडेसहाची. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत डायरीत अकरा शेरे झाले. 'जागेवर बसत नाही.' 'फळ्यावरचं अर्धंच उतरवतो.' पालकसभेत बाई म्हणाल्या, एडीएचडी (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता यांचा विकार) असू शकेल, दाखवून घ्या. दाखवलं. डॉक्टरांनी माझ्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली, वीस मिनिटं त्याला पाहिलं आणि मिथाइलफेनिडेट हे एकाग्रतेचं औषध लिहून दिलं. शाळेत काही विचारलं नाही, जन्मतारखेबद्दल एक शब्द नाही. त्याला सहा पूर्णही झाली नव्हती. ती चिठ्ठी मी अजून दुकानात दिलेली नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची तारीख आपल्यासारखीच ३१ डिसेंबर आहे. तिथल्या नऊ लाखांवर मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीतल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघालं, औषध मिळण्याचं ४१ टक्क्यांनी. मुलींमध्ये तर ७० आणि ७७ टक्क्यांनी. डिसेंबरात जन्मलेल्या मेंदूत वेगळं काय असणार? वर्गातलं सगळ्यात लहान मूल लहानासारखं वागतं, आणि त्याला आपण आजार म्हणतो.

आजारच खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण पहिलीतल्या मुलाला गोळी लिहिण्याआधी त्याला त्याच्या वयाच्या मुलांशेजारी उभं करून बघा, वर्गाशेजारी नको. एवढंही होत नसेल तर ती घाई मला मान्य नाही.

वाटसरू

अगदी बरोबर. मी आणखी पुढे जाईन. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पायाला भिंगरी असलेली दोन-चार मुलं दरवर्षी असायचीच. त्यांच्याकडे मी माठ भरायचं, घंटा द्यायचं काम सोपवायचो. आता एकेका वर्गात साठ मुलं, खेळाचा तास गणिताला जातो, मैदानावर गाड्या लागतात. अमेरिकेत २०२२ च्या सर्वेक्षणात ३ ते १७ वयाच्या ११.४ टक्के मुलांना हे निदान मिळालेलं दिसलं. दर नऊ मुलांत एक आजारी कसं असेल? बिघडली आहे ती शाळा. कोवळ्या पोराला गोळी देऊन जागेवर बसवणं मला पाप वाटतं.

तिन्हीसांज

गुरुजी, 'पाप' हा शब्द लागला मला.

माझी लेक कधीच बाकावरून उठली नाही, म्हणून कुणाच्या नजरेत आली नाही. खिडकीबाहेर बघत बसायची. कंपास, डबा, स्वेटर, रोज काहीतरी हरवलेलं. मी 'वेंधळी' म्हणायचे, आजी 'विसरभोळी', आणि प्रगतिपुस्तकात सातवीपर्यंत एकच वाक्य: हुशार आहे, पण आळस करते. नववीत तिच्या विज्ञानाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं तर 'मी मूर्ख आहे' असं पानभर लिहिलेलं. शिक्षा म्हणून लिहावं तसं, ओळीखाली ओळ.

चौदाव्या वर्षी निदान झालं. गोळी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने इतिहासाचा एक धडा सलग वाचला आणि स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "आई, बाकीच्यांना रोज असंच वाचता येतं?" त्या प्रश्नानंतर मी घरात 'वेंधळी' हा शब्द उच्चारलेला नाही.

त्रास आहेत, लपवत नाही. डबा भरलेला परत येतो, भूक रात्री नऊला लागते, वजन दर महिन्याला बघावं लागतं. आणि गोळी मिळवणं ही वेगळीच कसरत. अनुसूची एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो. आमच्या तालुक्यात कुणी ते ठेवतच नाही. दर महिन्याला एसटीने कोल्हापूर गाठते, आणि कधी कधी तिथेही 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत येते. अमेरिकेत गोळ्या जास्त वाटल्या जात असतील. आमच्याकडे निदान करणारं माणूस सापडायलाच वर्षं गेली. तिथला आकडा सांगून इथल्या आयांना घाबरवू नका.

वाटसरू

ताई, शब्द मागे घेतो. तुमची लेक माझ्या वर्गात असती तर मला दिसली नसती, हेही कबूल करतो. साठांत गप्प बसणारं मूल शिक्षकाला सोयीचंच वाटतं. पण साठ मुलांचा वर्ग तसाच ठेवून नुसती गोळी वाढवण्याला माझा विरोध कायम आहे.

संत्रानगरी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सोनचाफा, तुम्हाला मिळालं ते निदान नव्हे. लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने टिकलेली, वयाच्या मानाने जास्त, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी, असे निकष आहेत. शाळेला विचारलंच नाही तर दुसरं ठिकाण आलं कुठून? आणि सहा वर्षांच्या आत सुरुवात पालकांच्या प्रशिक्षणापासून करायची असते, गोळीपासून नाही.

गुरुजींशी मात्र माझं जमत नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या, एडीएचडीवरच्या उपचारांची गटागटांत तुलना करणाऱ्या एमटीए अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. काळजीपूर्वक मात्रा ठरवून दिलेलं औषध मुख्य लक्षणांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. याच मुलांना तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटागटांतला फरक उरलेला नव्हता, आणि सतत औषध घेणाऱ्यांची उंची थोडी कमी वाढली होती. औषधाच्या बाजूचे लोक पहिला भाग सांगून थांबतात, विरोधातले फक्त दुसरा सांगतात. पालकांना दोन्ही कळायला हवेत. म्हणूनच औषध अजून लागतंय का, हे मी दरवर्षी थोडे दिवस बंद करून तपासतो.

सोनचाफा

तिन्हीसांज, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गप्प बसणाऱ्या मुलीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. तरी जन्मतारखेचा मुद्दा मी सोडणार नाही.

काल शाळेसाठीची प्रश्नावली घेऊन बाईंना भेटले. सारखे शेरे मिळणाऱ्या मुलांच्या जन्मतारखा बघाल का, असं विचारलं. त्यांनी खरंच कार्यालयातून जनरल रजिस्टर मागवलं. अशी चार मुलं आहेत. त्यांतली तीन नोव्हेंबर-डिसेंबरची निघाली. बाई बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या.

चौथा मुलगा फेब्रुवारीचा आहे. त्याची आई मला रोज बसथांब्यावर भेटते. 'मुलगा ऐकत नाही' म्हणून ती त्याला मारते, हे तिने स्वतःच मला सांगितलंय. तिला तुमचा प्रतिसाद वाचायला देऊ का, तिन्हीसांज?

तिन्हीसांज

द्या. आणि हवा असेल तर माझा फोन नंबरही द्या, तुम्हाला वेगळा कळवते.